टूरिंग गाडी की हलकी क्रूझर? कुंडमच्या रस्त्यावर मिळालेलं उत्तर



आज मी तुमच्याशी कुंडममधून बोलतोय. जबलपूरहून डिंडोरीकडे निघालं की साधारण पन्नास किलोमीटरवर हे गाव लागतं. तहसिलीचं ठिकाण आहे, आजूबाजूला गोंड वस्ती, आठवड्याचा बाजार, आणि हिरण नदीचा उगमही इथलाच. ही हिरण पुढे जाऊन नर्मदेला मिळते. इथून पुढे शहपुरा, मग डिंडोरी, मग अमरकंटक. परिक्रमेच्या दिवसांत या रस्त्याला महाराष्ट्रातल्या नंबरांच्या गाड्या बऱ्याच दिसतात, आणि हल्ली त्यांत मोटरसायकली वाढल्या आहेत.

पुण्या-नागपूरकडचे लोक चहाला थांबतात, मी मराठी बोलतो म्हटल्यावर खूश होतात, आणि पाच मिनिटांत विषय गाडीवर येतो. ‘काका, लांबच्या प्रवासाला कुठली घ्यावी? मोठी टूरिंग घ्यावी, की आरामात बसायची हलकी क्रूझर?’ या प्रश्नाला मी आधी एक उत्तर द्यायचो, आता दुसरं देतो. ते का बदललं, ते आज सांगतो.

माझी ओळख दोन वाक्यांत. आमचं घराणं चार पिढ्या जबलपुरात. घरात मराठी, दारात हिंदी, त्यामुळे माझ्या बोलण्यात मधेच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या. मी जबलपूरच्या वाहन कारखान्यात तीस वर्षं काढली. १९६९ साली सुरू झालेला हा कारखाना. फौजेचे शक्तिमान ट्रक इथे बनायचे, आणि जोंगा नावाची जीपही. जोंगा हे नाव कुठून आलं ठाऊक आहे? त्यातला पहिला ‘ज’ जबलपूरचा! सांगायचा मुद्दा असा की वजन, अक्षभार, गुरुत्वमध्य या गोष्टी मी पोटासाठी शिकलो. आणि तरीही स्वतःची गाडी निवडताना नेमक्या त्याच विसरलो.

आमच्याकडे जुनी ॲव्हेंजर आहे, २२० सीसीची. बजाजने २००५ साली ॲव्हेंजर आणली, त्याआधी एलिमिनेटर होती, ती महाग होती म्हणून आपण नुसती लांबून बघायचो. ॲव्हेंजर आपल्या आवाक्यातली क्रूझर. पाय पुढे, हँडल उंच, सीट खाली. निवृत्तीनंतर मात्र डोक्यात किडा शिरला की आता मोठं फिरायचं, तर गाडीही मोठी हवी. २०२४ च्या फेब्रुवारीत भाच्याने त्याची टूरिंग गाडी आठ दिवस वापरायला दिली. म्हणाला, ‘मामा, आधी चालवून बघा, मग ठरवा.’ शहाणा मुलगा. आम्ही दोघं अमरकंटकला निघालो.

जातानाचा प्रवास काय सांगू! पळस फुलायला लागलेला. डिंडोरीपर्यंत कुठे रस्ता गुळगुळीत, कुठे उखडलेला, पण गाडीला त्याचं काही नव्हतंच. खड्डा आला की पायांवर थोडं उठायचं, गाडी खालून निघून जाते. समोर ट्रक असला तर मनगट जरा पिळलं की आपण पुढे. मी हिला मागे वळून म्हणालो, ‘अगं, हीच घ्यायची. ठरलं.’ ही काही बोलली नाही. तेव्हा मला वाटलं, वाऱ्यात ऐकू गेलं नसेल.

परतताना तिसऱ्या दिवशी मी एक मूर्खपणा केला. मला साखरेचा त्रास आहे, गोळी चालू आहे. सकाळी गोळी घेतली, नाश्ता केला, आणि दुपारचं जेवण ‘आता कुंडमलाच जेवू’ म्हणत पुढे ढकललं. गाडी छान पळत होती ना, थांबावंसंच वाटेना. कुंडम सहा-सात किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा हाताला घाम सुटला, नजरेसमोर पांढरं व्हायला लागलं. गाडी बाजूला घेतली, इतकी अक्कल शिल्लक होती. बाजूला खडी होती आणि उतार. डावा पाय टाकला, तो जिथे जमीन असेल असं वाटलं तिथे जमीन नव्हती. गाडी कलली. पडली म्हणत नाही मी, कलली. अगदी सावकाश. मला कळत होतं की ती जातेय, आणि माझ्याने ती धरवत नव्हती.

ही मागून उडी मारून सुटली. क्रॅश गार्डमुळे माझा पाय वाचला. हिने पर्समधून गुळाची वडी काढून माझ्या तोंडात कोंबली, पाणी पाजलं. दहा-पंधरा मिनिटांत मला माणसं दिसायला लागली. रस्त्याने जाणाऱ्या दोन पोरांनी गाडी उभी करून दिली. आता गाडी उभी, ती धड, आम्ही धड. पण गाडी चालवायची कोणी?

आमची ही गिअरची गाडी चालवते, मंडळी. लायसन आहे. पोरगी शाळेत होती तेव्हापासून लुना, मग स्कूटर, आणि ॲव्हेंजर तर कॉलनीत, बाजारात, ग्वारीघाटाच्या आरतीला कितीदा तिने नेली आहे. तिची उंची पाच फूट एक इंच. तिने साडीचा पदर खोचला, हेल्मेट घातलं, आणि त्या गाडीवर बसून पाहिलं. दोन्ही पायांचे नुसते चवडे टेकत होते. त्या खडीवर, उतारावर. तिने एकदा गाडी सरळ केली, परत स्टँडवर लावली आणि उतरली. म्हणाली, ‘नाही जमणार. मी पाडेन.’

शेवटी त्या पोरांपैकी एकाने गाडी कुंडमपर्यंत आणली, आणि आम्ही दोघं भाजीच्या पिकअपमध्ये पुढे बसून आलो. इथेच, याच चौकात उतरलो. मी मंगोडे खाल्ले, चहा घेतला, तरतरी आली. मग ही बोलली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, ‘अहो, घरच्या गाडीवर मी असते. या गाडीवर मी मागच्या पेटीसारखी होते. फक्त पेटीला कुलूप होतं.’

आठ दिवसांत मी काय काय तपासलं होतं! इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन, मायलेज. पण हे गाडी चालवणार दोघं आहेत की एक, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हताच. गाडी दोघांच्या पैशांची, प्रवास दोघांचा, आणि वेळ आली तर चालवू शकणारा एकच. तो एक आजारी पडला की दोघंही रस्त्यावर.

घरी आल्यावर मी वही काढली. कारखान्यातली सवय. आता ती वही तुमच्यासमोर उघडतो. दोन बाजूंची ठळक उदाहरणं घेऊ, म्हणजे आकडे बोलतील. ही दुकानदारी नाही. माझ्या भाच्याची गाडी कुठली होती तेही सांगणार नाही, कारण चूक गाडीची नव्हती.

टूरिंगच्या बाजूला रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घ्या. वजन १९६ किलो, सीटची उंची ८२५ मिलिमीटर, जमिनीपासून अंतर २३० मिलिमीटर, टाकी १७ लिटरची, ताकद ४० पीएस. हलक्या क्रूझरच्या बाजूला ॲव्हेंजर क्रूझ २२०. वजन १६३ किलो, सीट ७३७ मिलिमीटर, जमिनीपासून १६९ मिलिमीटर, टाकी १३ लिटर, ताकद १९ पीएसच्या आसपास. आणि मध्ये कुठेतरी मीटिऑर ३५०. वजन १९१, सीट ७६५, टाकी १५ लिटर. दिसायला क्रूझर, पण वजनाने टूरिंगच्या पंगतीत बसलेली. म्हणजे ‘क्रूझर’ शब्द ऐकून हलकी समजू नका. सुपर मीटिऑर ६५० तर २४१ किलोची आहे. नाव बघू नका, काटा बघा.

आता वजनाचं गणित. गाडी सरळ उभी असते तेव्हा तिचं वजन टायरवर असतं, तुमच्यावर काही नसतं. म्हणून शोरूममध्ये बसून पाहिलं की प्रत्येक गाडी हलकीच वाटते. खरा हिशेब कलल्यावर सुरू होतो. समजा गाडी वीस अंश कलली. टूरिंग गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साठ सेंटिमीटर धरा, क्रूझरचा पन्नास. हँडल मीटरभर उंचीवर. तर टूरिंग गाडी सावरायला हातावर सुमारे चाळीस किलोचा जोर येतो, हलक्या क्रूझरला अठ्ठावीस. मागे अठ्ठावन्न किलोचं माणूस बसलेलं असेल तर दोन्हीकडे आणखी अठरा-वीस किलो. म्हणजे एकीकडे साठ, दुसरीकडे पंचेचाळीस. हे माझे अंदाजी धरलेले आकडे आहेत, गाडीगणिक बदलतील. पण फरक कुठे पडतो ते कळायला पुरेसे आहेत. वयाच्या तिशीत साठ किलो एका झटक्यात सावरता येतात. साठीत, तेही खडीवर, साखर उतरलेली असताना, नाही येत.

आणि एक बारीक गोष्ट. दहा अंशांवर हा जोर जवळजवळ निम्मा असतो. म्हणजे गाडी लवकर धरली तर वाचते. लवकर धरायला काय लागतं? तळवा जमिनीवर पूर्ण टेकलेला लागतो. चवड्यावर उभा माणूस गाडी दहा अंशांवर धरू शकत नाही, त्याला कळेपर्यंत ती वीसवर गेलेली असते. ८२५ आणि ७३७ यांत अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरचा फरक, म्हणजे साडेतीन इंच. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला हे साडेतीन इंच म्हणजे ‘जमतं’ आणि ‘नाही जमत’ यातली भिंत आहे.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, काका, म्हणजे क्रूझरच घ्यायची, संपलं. थांबा. मी तेवढा भोळा नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात आम्ही हाच रस्ता ॲव्हेंजरवरून पुन्हा केला, मुद्दाम, आणि काय गमावलं तेही वहीत लिहिलं.

पहिलं, पाठ. क्रूझरवर पाय पुढे असतात. फोटोत फार ऐटदार दिसतं. पण पाय पुढे असले की खड्ड्यावर उठता येत नाही. सगळा दणका माकडहाडावर. टूरिंग गाडीवर पाय खाली असतात, गुडघे स्प्रिंगचं काम करतात. शहपुऱ्याच्या अलीकडे एक उखडलेला पट्टा लागला, तिथे मी ॲव्हेंजरवर मनातल्या मनात भाच्याची माफी मागितली. मागे बसणाऱ्याला तर त्याहून जास्त बसतं, कारण ती मागच्या चाकाच्या डोक्यावरच असते.

दुसरं, जमिनीचं अंतर. १६९ आणि २३० मध्ये सहा सेंटिमीटर आहेत. दोघं आणि सामान घेऊन गावातल्या उंच गतिरोधकावर गेलो की खालून ‘खर्र’ आवाज येतो. प्रत्येक वेळी हिला उतरवणं शक्य नसतं, आणि तिरकं घेऊन काढायला रस्ता रुंद लागतो.

तिसरं, ब्रेक. टूरिंग गाडीला दोन्ही चाकांना डिस्क आणि दोन्हींना एबीएस. आमच्या जुन्या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि एबीएस मुळीच नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीचं झालं, आमची त्याच्या आधीची. ओल्या उतारावर हा फरक जिवाचा आहे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे पहिलं बघा, रंग नंतर बघा.

चौथं, ताकद. दोन माणसं, सामान, चढ, आणि पुढे कोळशाचा ट्रक. १९ पीएसमध्ये ओव्हरटेक होतो, पण ठरवून करावा लागतो. मनगट पिळून होत नाही.

पाचवं मात्र उलटं निघालं. लोक म्हणतात टूरिंग गाडीची टाकी मोठी, म्हणून ती लांब जाते. आमच्या हाताला ॲव्हेंजर लिटरला अडतीसच्या आसपास देते, भाच्याची गाडी अठ्ठावीस-एकोणतीस दिली. तेरा लिटरचे आणि सतरा लिटरचे किलोमीटर जवळजवळ सारखेच भरले. टाकीचा आकार नको, गुणाकार बघा.

मग आम्ही काय ठरवलं? आम्ही मोठी गाडी घेतली नाही. हलकी क्रूझरच ठेवली, आणि तिच्यातल्या खोटी मान्य करून प्रवासच बदलला. वेग साठ-पासष्ट. दर पन्नास किलोमीटरला थांबा. जबलपूरहून निघालं की पहिला थांबा कुंडम, दुसरा शहपुरा, असं बसतंही बरोबर. शहपुऱ्याजवळ घुघवाचं जीवाश्म उद्यान आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे बघायला मिळतात. मोठ्या गाडीवर होतो तेव्हा आम्ही त्याच्या फाट्यावरून सुसाट निघून गेलो होतो. या वेळी उतरलो, तासभर फिरलो. सामान वरच्या पेटीत नाही, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली. दहा-बारा किलो वर टांगण्यापेक्षा खाली लटकवले तर गाडी उभी करताना लगेच कळतं. सीटवर मऊ गादी बसवून घेतली. मागच्या शॉकअपचा ताण दोघांच्या वजनाला लावून घेतला, हे तर फुकटात होतं आणि कोणी करत नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम. आणि माझं जेवण वेळेवर, यावर चर्चा नाही.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे, गाडी आता आलटून पालटून. सपाट, रुंद रस्ता तिचा, गावातला आणि घाटातला माझा. डिंडोरीच्या अलीकडे मी पहिल्यांदा चाळीस किलोमीटर मागे बसलो. काय सांगू मंडळी, तिशी-पस्तिशीत बायकोला जेवढ्या सहली घडवल्या त्या सगळ्यांची माफी मागावीशी वाटली. मागे बसणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही, खड्डा कधी येणार ते कळत नाही, आणि चालवणारा खुशीत असतो. म्हणून माझा तुम्हाला पहिला सल्ला हा. गाडी निवडायच्या आधी तासभर तिच्या मागच्या सीटवर बसा. शोरूमवाला हसेल, हसू द्या.

आता तुमच्यासाठी. माझं उत्तर तुमचं उत्तर असेलच असं नाही. चार प्रश्न स्वतःला विचारा.

तुम्ही एकटे फिरता का? तरुण आहात, उंची पावणेसहा फूट आहे, कच्च्या रस्त्याची, घाटाची ओढ आहे, दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटर कापायचे आहेत? मग टूरिंगच घ्या, डोळे झाकून. स्पिती-लडाखला माझ्या क्रूझरचं काही खरं नाही.

दोघं फिरता, आणि दोघांपैकी एकालाच चालवता येतं? मग मागच्या माणसाला विचारा. पाठ दुखते का, गुडघा दुखतो का. मागच्या सीटसाठी टूरिंग गाडी पुष्कळदा जास्त सुखाची असते, फक्त चढताना पाय किती उंच उचलावा लागतो ते बघा. साडी नेसून चढून बघायला सांगा, जीन्स घालून नाही, जर प्रवासात साडी असणार असेल तर.

दोघांनाही चालवता येतं, किंवा यायला हवं? तर दोघांत जो बुटका आहे, त्याच्या मापाची गाडी घ्या. उंच माणूस खाली बसू शकतो, बुटका माणूस पाय लांब करू शकत नाही.

आणि चौथा. आणखी पाच वर्षांनी तुम्ही कसे असाल? गाडीचं वजन वाढत नाही. आपल्या हातातला जोर कमी होतो. आज कशीबशी झेपणारी गाडी पाच वर्षांनी झेपणार नाही, आणि ते आपल्याला खडीवरच कळतं.

हे सगळं तपासायला एक सोपी परीक्षा सांगतो. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, मागे एक माणूस बसवा, दोन बाजूंना दोन जण आधाराला ठेवा. मग गाडी सावकाश दोन्हीकडे कलवा आणि परत उभी करा. जिथून परत आणता येत नाही, तो तुमचा कोन. तो जर फार लवकर आला तर ती गाडी कितीही आवडो, तुमची नाही. मग हीच परीक्षा घरातल्या दुसऱ्या चालवणाऱ्याकडून करून घ्या. विक्रेत्याच्या गाडीवर हे जमणार नाही, ओळखीच्या माणसाची गाडी मागा. भाचे कशाला असतात?

भाच्याला मी गाडी परत केली तेव्हा तो म्हणाला, ‘मामा, आवडली नाही का?’ मी म्हटलं, ‘फार आवडली. म्हणून तर परत करतोय.’ त्याला कळलं नाही. त्याच्या मामीला कळलं.

चला, चहा गार झाला. इथून जबलपूर सपाट आणि बऱ्या रस्त्याचं आहे, म्हणजे आमच्या नियमाप्रमाणे पुढचे पन्नास किलोमीटर माझे नाहीत. ती बघा, हेल्मेट घालून उभी आहे, चावी मागतेय. मी मागे बसतो. तुमच्या घरी कोण चालवतं आणि कोण मागे बसतं, आणि कधी अदलाबदल केलीत का, तेवढं मला जरूर कळवा.

नर्मदे हर.